सेन्सर नेटवर्कमधला कॅमेरा म्हणून ईएसपी३२-कॅम: कुठे पुरतो, कुठे अडतो

एआय-थिंकरच्या ईएसपी३२-कॅम या बोर्डाची बहुतेक परीक्षणं एकाच ठिकाणी थांबतात: वेब-सर्व्हरचं तयार उदाहरण चढवायचं, ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, चित्र हललं की झालं. इथे प्रश्न वेगळा आहे. बॅटरीवर चालणाऱ्या, बिनतारी जोडलेल्या आणि एकमेकांचा डेटा पुढे सरकवणाऱ्या नोडांच्या, म्हणजे लहान उपकरणांच्या, जाळ्यात हा बोर्ड कॅमेऱ्याचा नोड म्हणून बसवला, तर तो टिकतो का? मत आधीच सांगतो. काही घडलं की दोन-चार फ्रेम पाठवणारा नोड म्हणून हा बोर्ड फार चांगला आहे. चोवीस तास व्हिडिओ वाहणारा नोड म्हणून तो चालणार नाही. आणि पाकिटातून काढल्या काढल्या, काहीही फेरफार न करता, तो बॅटरीवर लावू नये. असं का, ते आकडे मांडल्यावर लगेच कळतं.

आधी बोर्डावर काय आहे ते पाहू. २७ बाय ४०.५ मिलिमीटरच्या जागेत २४० मेगाहर्ट्झचा दोन कोअरचा ईएसपी३२, चिपमधली ५२० किलोबाइट रॅम, वापरता येण्याजोगी ४ मेगाबाइट पीएसरॅम (चिपबाहेरची जास्तीची मेमरी), ४ मेगाबाइट फ्लॅश, मायक्रोएसडी कार्डाचा खाचा, एक पांढरा फ्लॅश एलईडी आणि २ मेगापिक्सेलचा ओव्ही२६४० सेन्सर. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा वाय-फाय, सोबत ब्लूटूथ. यूएसबीचा सॉकेट नाही; प्रोग्राम चढवायला यूएसबी-टीटीएल अडॅप्टर किंवा खाली बसणारा एमबी बोर्ड लागतो. अडॅप्टर वापरताना जीपीआयओ ० ही पिन ग्राउंडच्या (जीएनडी) पिनला जोडून रीसेट द्यायचा, प्रोग्राम चढला की तार काढून पुन्हा रीसेट. ही तार काढायला विसरल्यामुळे ‘बोर्ड चालतच नाही’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते.

या यादीतली सर्वांत मोलाची गोष्ट सहसा जाहिरातीत ठळक नसते: ओव्ही२६४० मध्ये जेपीईजी एन्कोडर सेन्सरच्या आतच आहे. प्रोसेसरला कच्चे पिक्सेल मिळत नाहीत, दाबून लहान केलेली तयार फाइल मिळते. व्हीजीए म्हणजे ६४० बाय ४८० ची कच्ची रंगीत फ्रेम १६ बिटांत ६०० किलोबाइट होते. तीच जेपीईजीत साधारण १५ ते २५ किलोबाइटांत बसते, आणि त्यासाठी ईएसपी३२ला एकही आकडेमोड करावी लागत नाही. २००७ मध्ये आलेल्या सीएमयूकॅम३ या संशोधनासाठीच्या कॅमेऱ्यात ३५२ बाय २८८ चं चित्र आणि ६४ किलोबाइट रॅम होती. तेव्हा नोडवरच्या कॅमेऱ्याचं निम्मं डोकं चित्र मेमरीत कसं मावेल यातच जायचं. तो प्रश्न या बोर्डाने पूर्ण मिटवला आहे.

मात्र हे दाबणं प्रत्येक फ्रेमपुरतंच आहे. मागच्या फ्रेममध्ये जे होतं तेच पुढच्यात असलं, तरी ते पुन्हा पूर्ण पाठवलं जातं. एच.२६४ सारख्या पद्धतीत स्थिर दृश्यावर जी मोठी बचत होते ती इथे नाही, आणि ईएसपी३२च्या ताकदीत ती सॉफ्टवेअरने आणणंही शक्य नाही. याला एक चांगली बाजू आहे: एक फ्रेम हरवली तर नुकसान त्या फ्रेमपुरतंच राहतं. फ्रेमा एकमेकींवर अवलंबून असतात तिथे एक गेली की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चित्र फाटलेलं दिसतं. पॅकेट गळणाऱ्या जाळ्यात हा गुण कमी लेखू नये.

सेटिंगबद्दल थोडं. गुणवत्तेचा आकडा ० ते ६३ असतो आणि तो उलटा चालतो. लहान आकडा म्हणजे चांगलं चित्र आणि मोठी फाइल. १० ते १५ मध्ये ठेवलं तर बहुतेक कामं भागतात. मोठ्या आकारात १०च्या खाली गेलं की जेपीईजी राखून ठेवलेल्या बफरमध्ये मावत नाही आणि सिरियल मॉनिटरवर ‘एफबी-ओव्हीएफ’ किंवा ‘नो-ईओआय’ असे संदेश येऊ लागतात. म्हणजे फ्रेम अर्धवट तुटली. सेन्सरची नैसर्गिक गती यूएक्सजीएला (१६०० बाय १२००) सेकंदाला १५, एसव्हीजीएला (८०० बाय ६००) ३० आणि त्याहून लहान सीआयएफला ६० फ्रेमची आहे, पण रेडिओवरून ती कधीच पूर्ण मिळत नाही. राउटर जवळ असताना, बफर दोन आणि ‘सर्वांत ताजी फ्रेम घे’ हा पर्याय असताना, व्हीजीएला सेकंदाला १५ ते २५ फ्रेम मिळतात. वाय-फायची झोप बंद केलेली असावी, नाहीतर चित्र थबकत पुढे जातं.

झोपेतून उठल्यावर मिळालेली पहिली फ्रेम पाठवू नये. एक्स्पोजर आणि रंगांचा तोल जमायला सेन्सरला काही फ्रेम लागतात. पहिली हिरवट किंवा काळपट येते. तीन ते पाच फ्रेम घेऊन सोडून द्याव्यात आणि मग खरी घ्यावी.

रेडिओवर काय मावतं

क्यूव्हीजीएची, म्हणजे ३२० बाय २४० ची फ्रेम ६ किलोबाइट धरू. सेकंदाला ५ फ्रेम म्हणजे ३० किलोबाइट, अर्थात साधारण २४० किलोबिट प्रति सेकंद. झिगबी (कमी विजेवरचं बिनतारी जाळं) ज्यावर चालतं त्या ८०२.१५.४ मानकाचा २.४ गिगाहर्ट्झवरचा कमाल वेगच २५० किलोबिट आहे, आणि हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची पत्ता-क्रमांकाची माहिती), पोच आणि वाट पाहण्याचा वेळ वजा केल्यावर हातात त्याच्या निम्म्याहून कमी उरतं. म्हणजे इतका लहान व्हिडिओसुद्धा त्या जाळ्यात एका कॅमेऱ्याचा मावत नाही, दहा कॅमेरे तर सोडाच.

वेगापेक्षा मोठी अडचण पॅकेटच्या आकाराची आहे. ८०२.१५.४ ची फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटांची. हेडर वजा जाता प्रत्येकी ८० बाइट चित्राचे धरले, तर ६ किलोबाइटच्या फोटोला ७५ पॅकेट लागतात. शंभरात एक पॅकेट गळतं असं मानलं, जे बिनतारी जगात अगदी चांगलं मानायला हवं, तरी सगळी ७५ पॅकेटं सुखरूप पोहोचण्याची शक्यता ०.९९चा ७५वा घात, म्हणजे ४७ टक्के. निम्मे फोटो खराब. मध्ये तीन उड्या (एका नोडकडून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे एक उडी) असतील आणि प्रत्येक उडीत तेवढीच गळती असेल, तर शक्यता १० टक्क्यांवर येते. व्हीजीएच्या २० किलोबाइटच्या फ्रेमला २५० च्या आसपास पॅकेट लागतात. तिथे एकाच उडीत फक्त ८ टक्के फोटो पूर्ण येतील.

‘एखादं पॅकेट गेलं तर चित्रात एक ठिपका दिसेल’ हा गैरसमजही इथेच दूर करायला हवा. जेपीईजीतला डेटा हफमन पद्धतीने सलग गुंफलेला असतो आणि प्रत्येक ठोकळ्याची मूळ छटा आधीच्या ठोकळ्याच्या फरकाने लिहिलेली असते. मधले ८० बाइट गेले की तिथून खालचं सगळं चित्र सरकतं, रंग बदलतं किंवा राखाडी होतं. म्हणून फोटोसाठी हरवलेलं पॅकेट परत मागण्याची सोय हवीच.

या बोर्डाचं जमेचं पान म्हणजे ईएसपी-नाउ. राउटरशी जोडणी नाही, आयपी पत्ता नाही. ठरलेल्या चॅनेलवर थेट एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे पॅकेट. मूळ आवृत्तीत एका पॅकेटमध्ये २५० बाइट जातात. त्यातले १० बाइट आपल्या हेडरला द्यावेत: फोटोचा क्रमांक २, तुकड्याचा क्रमांक २, एकूण तुकडे २, या तुकड्याची लांबी २ आणि सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा पडताळणीचा आकडा, २. उरलेले २४० चित्राला. ६ किलोबाइटचा फोटो २५-२६ तुकड्यांत संपतो. एकाच पत्त्यावर पाठवलेल्या पॅकेटला रेडिओच्या पातळीवर पोच आणि फेरप्रयत्न मिळतात. सर्वांना उद्देशून पाठवलेल्याला मिळत नाहीत, हे विसरू नये. पाठवल्याचा कॉलबॅक येईपर्यंत पुढचा तुकडा देऊ नये. लूपमध्ये सगळे तुकडे एकदम ढकलले की रांग भरते आणि पाठवण्याचं फंक्शन मेमरी नसल्याची त्रुटी देतं. ही त्रुटी न तपासणारे प्रोग्राम अनेक आहेत, आणि मग दोष रेडिओला दिला जातो.

शेवटचा तुकडा गेल्यावर घेणाऱ्याने कोणते तुकडे मिळाले त्याचा बिटांचा नकाशा परत पाठवायचा. ३२ तुकड्यांपर्यंत तो ४ बाइटांत मावतो. पाठवणाऱ्याने फक्त राहिलेले तुकडे द्यायचे, जास्तीत जास्त तीन फेऱ्या, मग तो फोटो सोडून द्यायचा. फोटो पूर्ण झाल्यावर पहिले दोन बाइट एफएफ-डी८ आणि शेवटचे एफएफ-डी९ आहेत का ते पाहावं. सेन्सरकडून आलेल्या बफरमध्ये शेवटच्या खुणेनंतर कधीकधी शून्यं असतात. खूण शोधून तिथेच लांबी कापली तर तेवढे बाइट वाचतात.

वाय-फाय राउटरमार्फत पाठवायचं असेल तर तयार उदाहरणातला टीसीपीवरचा प्रवाह सेन्सर नेटवर्कसाठी घेऊ नये. सिग्नल कमकुवत झाला की टीसीपी जुन्या फ्रेमचे तुकडे पुन्हापुन्हा पाठवत बसतो, नवीन फ्रेम मागे रखडते आणि पाहणाऱ्याला काही सेकंद जुनं दृश्य दिसतं. हलत्या चित्रासाठी हरवलेलं परत न पाठवणारा यूडीपी घ्यावा. एका पॅकेटमध्ये १४०० बाइटांपर्यंत चित्र भरावं, फ्रेम अपुरी राहिली तर फेकून पुढची घ्यावी. एकेका फोटोसाठी मात्र टीसीपी योग्यच आहे.

दूरच्या अंतरासाठी ईएसपी३२मध्ये ती चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफची स्वतःची लाँग रेंज पद्धत आहे. वेग ०.५ किंवा ०.२५ मेगाबिटवर येतो आणि दोन्ही टोकांना ईएसपीचीच चिप लागते. ६ किलोबाइट म्हणजे ४८ किलोबिट, अर्थात पाव मेगाबिटवर हेडर धरूनही पाव सेकंदाच्या आसपासचं काम. फोटोसाठी हे अगदी पुरेसं आहे, आणि तरीही ही सोय वापरणारे कमी दिसतात. लोरा ही लांब पल्ल्याची, कमी वेगाची रेडिओ पद्धत मात्र चित्रासाठी नाही. स्प्रेडिंग फॅक्टर (हा वाढला की पल्ला वाढतो, वेग घटतो) ७ आणि १२५ किलोहर्ट्झवर वेग ५.५ किलोबिटांच्या आत आहे. १० किलोबाइटच्या फोटोला हेडर न धरता १५ सेकंद सतत प्रसारण लागेल. स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर तेच पाच मिनिटांवर जातं. लोरावरून ‘काहीतरी हललं, वेळ अमुक’ एवढा निरोप पाठवावा आणि फोटो एसडी कार्डावर ठेवावा.

अनेक उड्यांच्या जाळ्यात अजून एक हिशेब धरावा लागतो. सगळे नोड एकाच चॅनेलवर आणि प्रत्येकाकडे एकच रेडिओ असताना मधला नोड एका वेळी ऐकू तरी शकतो किंवा बोलू तरी शकतो. दोन उड्यांत वेग निम्मा, तीन उड्यांत तिसरा हिस्सा. म्हणून कॅमेरे गेटवेपासून (सगळा डेटा जिथे गोळा होतो त्या नोडपासून) एका उडीत बसतील अशी मांडणी आधी करून पाहावी. तापमान, दरवाजा, ओलावा यांचे नोड खुशाल लांब राहू द्यावेत. जवळच झिगबीचं जाळं असेल तर वाय-फाय १, ६ किंवा ११ वर ठेवून झिगबीला १५, २०, २५ किंवा २६ यांपैकी चॅनेल द्यावं. ती वाय-फायच्या मधल्या फटींत किंवा कडेला पडतात.

न पाठवलेला बाइट

पॅकेट कितीही काटकसरीने बांधलं तरी खरी बचत फोटो न पाठवण्यात आहे, आणि इथे हा बोर्ड अपेक्षेपेक्षा बराच हुशार निघतो. कॅमेऱ्याच्या लायब्ररीत जेपीईजी एक-अष्टमांश आकारात उलगडण्याची सोय आहे. व्हीजीए फ्रेम त्यातून ८० बाय ६० ची, म्हणजे ४८०० ठिपक्यांची होते. जेपीईजीचा ठोकळा ८ बाय ८ चाच असल्यामुळे प्रत्येक ठिपका म्हणजे त्या ठोकळ्याची सरासरी छटा. एवढं चित्र चिपमधल्या रॅममध्ये सहज बसतं.

पद्धत अशी. पार्श्वभूमीचं एक ८० बाय ६० चं चित्र ठेवायचं. नवीन फ्रेम आली की आधी दोन्ही चित्रांच्या एकूण सरासरीतला फरक वजा करायचा. ढग आला किंवा दिवा लागला तर सगळं दृश्य एकदम उजळतं-मंदावतं आणि या एका पायरीने तो खोटा इशारा टळतो. मग ठिपक्याठिपक्याचा फरक पाहायचा. २५५ पैकी १५ ते २० पेक्षा जास्त फरक असलेले ठिपके ९६ हून अधिक, म्हणजे दोन टक्क्यांवर गेले की हालचाल समजायची. शेवटी पार्श्वभूमी ताजी करायची: सात-अष्टमांश जुनी, एक-अष्टमांश नवी. सीमा किती ठेवायची ते दृश्यावर ठरतं. झाडाच्या हलत्या फांद्या चौकटीत असतील तर तेवढा भाग मास्क लावून वगळणं हाच उपाय, सीमा वाढवत नेणं नव्हे.

यापेक्षाही स्वस्त युक्ती आहे. गुणवत्तेचा आकडा कायम असेल तर जेपीईजीची लांबी दृश्यातल्या तपशिलावर अवलंबून असते. रिकाम्या भिंतीसमोर कोणी आलं की फाइल लगेच फुगते. चित्र न उलगडता फक्त लांबीची सरासरी ठेवून १०-१५ टक्के बदलावर लक्ष ठेवलं तरी पहिली चाळणी होते. संध्याकाळी मात्र हे फसतं. उजेड कमी झाला की सेन्सर गेन वाढवतो, चित्रात दाणे येतात आणि काहीही न घडता फाइल मोठी होते.

बदललेला तुकडाच कापून पाठवावा, असा विचार पुढे येतो. तो मोहात पाडणारा आहे, पण कापलेला तुकडा पुन्हा जेपीईजी करायला प्रोसेसरला सॉफ्टवेअरने राबावं लागतं आणि तेवढ्या वेळात पूर्ण फ्रेम पाठवूनही होते. त्याऐवजी आधी क्यूव्हीजीए पाठवावी आणि गेटवेने मागितली तरच कार्डावरची मोठी फ्रेम द्यावी. कॅमेऱ्याच्या टोकाला सोपं आणि घेणाऱ्याच्या टोकाला अवघड असं कोडिंग सिद्धांतात फार पूर्वीपासून आहे. स्लेपियन आणि वुल्फ यांचा निष्कर्ष १९७३चा आणि वायनर-झिव यांचा १९७६चा. बाजारातल्या या वर्गाच्या बोर्डात ते अजून उतरलेलं नाही, त्यामुळे सध्या हालचाल ओळखणं आणि लहान फोटो हाच व्यवहार्य मार्ग.

वीज

सगळी सोंगं आणता येतात, विजेचं आणता येत नाही, आणि या बोर्डाची खरी कमजोरी इथेच आहे. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ५ व्होल्टला फ्लॅश बंद असताना १८० मिलिअँपिअर, फ्लॅश पूर्ण लावून ३१० मिलिअँपिअर आणि गाढ झोपेत कमीत कमी ६ मिलिअँपिअर असे आकडे आहेत.

१८० मिलिअँपिअर म्हणजे ०.९ वॅट. २५०० मिलिअँपिअर-तासांचा १८६५० सेल ३.७ व्होल्टला ९.२५ वॅट-तास देतो. ५ व्होल्टला चढवणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरमध्ये १५ टक्के गेले की ७.९ उरतात. सतत व्हिडिओ पाठवला तर पावणेनऊ तासांत सेल रिकामा.

म्हणून झोपवायचं. पण झोपेतला ६ मिलिअँपिअर म्हणजे ३० मिलिवॅट, दिवसाला ०.७२ वॅट-तास. आता कामाचा खर्च पाहा. एका घटनेला उठणं, कॅमेरा सुरू करणं, फोटो घेणं आणि पाठवणं मिळून ५ सेकंद धरले तर ४.५ जूल, म्हणजे १.२५ मिलिवॅट-तास. दिवसाला १०० घटना घडल्या तरी ०.१२५ वॅट-तास. झोपेचा खर्च कामाच्या पावणेसहा पट! एकूण ०.८४५ वॅट-तासांवर तो सेल ९ दिवस चालतो, आणि हलक्या भाराला बूस्ट कन्व्हर्टरची कार्यक्षमता आणखी घसरते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमीच. इथे फोटो लहान करून, पॅकेट वाचवून काहीही हाती लागणार नाही.

हा खर्च ईएसपी३२चा नाही. चिप स्वतः गाढ झोपेत काही मायक्रोअँपिअरवर येते. खाणारा आहे तो एएमएस१११७ हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. काही काम नसतानाही तो सुमारे ५ मिलिअँपिअर घेत राहतो. शिवाय तो लिनिअर आहे, त्यामुळे जागेपणी ५ व्होल्टातले १.७ व्होल्ट, म्हणजे ३४ टक्के वीज, उष्णता होऊन जाते. ‘मग सेल थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडू’ हेही चालत नाही. या रेग्युलेटरला एक व्होल्टहून जास्त फरक लागतो, ३.७ व्होल्टमधून २.६-२.७ बाहेर पडतात आणि वाय-फाय सुरू होताच बोर्ड रीसेट होतो.

उपाय दोन. पहिला, कमी स्थिर प्रवाह घेणारा आणि किमान ५०० मिलिअँपिअर देणारा ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर ३.३ च्या पिनला जोडायचा आणि मूळ एएमएस१११७ काढून टाकायचा. बोर्डावर तसाच ठेवला तर उलट्या दिशेने थोडा प्रवाह खातो. सोबत झोपण्यापूर्वी जीपीआयओ ३२ उंच करून कॅमेरा बंद करावा आणि फ्लॅश एलईडीचा जीपीआयओ ४ खाली ठेवावा, आणि दोन्हींवर आरटीसी होल्ड (झोपेतही पिन आहे तशी धरून ठेवण्याची सोय) लावावा. होल्ड विसरलं की पिना तरंगत्या राहतात: कॅमेरा अर्धवट जागा, आणि फ्लॅश एलईडी मंद मिणमिणत राहिलेला दिसतो.

दुसरा उपाय जास्त परिणामकारक: बोर्डाची वीजच तोडायची. सेल आणि बूस्ट कन्व्हर्टर यांच्या मध्ये पी-चॅनेल मॉसफेटचा स्विच. २.७ व्होल्टपासून चालणारा एएम३१२ सारखा पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर) थेट सेलवर ठेवायचा. त्याच्या पल्सने स्विच लागतो, बोर्ड उठल्याबरोबर एक पिन उंच करून स्वतःचा स्विच धरून ठेवतो आणि काम झालं की सोडून देतो. पीआयआरचे १०० मायक्रोअँपिअर धरले तरी दिवसाला ०.००९ वॅट-तास. वरचा तोच सेल, त्याच १०० घटना, आणि आता ५९ दिवस. घटनेऐवजी ठराविक वेळेने फोटो हवा असेल तर टीपीएल५११० हा टायमर ३५ नॅनोअँपिअरवर तेच काम करतो.

याची किंमत अशी की वीज गेली की गाढ झोपेत टिकणारी आरटीसी मेमरीही पुसते. पार्श्वभूमीचं चित्र राहत नाही, म्हणून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फ्रेम घेऊन त्यांचीच तुलना करावी. राउटरचा चॅनेल आणि बीएसएसआयडी (त्याच्या रेडिओचा पत्ता) फ्लॅशमध्ये लिहून ठेवावा आणि आयपी पत्ता स्थिर द्यावा. नाहीतर राउटर शोधण्यात आणि त्याच्याकडून पत्ता मागण्यात (डीएचसीपी) दर वेळी दोन-चार सेकंद, म्हणजे सगळ्या घटनेइतकीच वीज जाते. ईएसपी-नाउमध्ये ही कटकट मुळातच नाही, आणि बॅटरीवरच्या नोडसाठी ते निवडण्याचं हेच मोठं कारण.

बिघडतं काय

‘ब्राउनआउट डिटेक्टर’चा, म्हणजे व्होल्टेज पडल्याचा, संदेश येऊन बोर्ड पुन्हापुन्हा सुरू होतो, ही सर्वांत सामान्य तक्रार. वाय-फाय प्रसारणाच्या क्षणी एकट्या चिपची मागणी २४० मिलिअँपिअरपर्यंत जाते आणि बारीक, लांब जंपर तारांत व्होल्टेज कोसळतं. तारा आखूड आणि जाड कराव्यात, ५ व्होल्टच्या पिनलगत ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावावा. डिटेक्टर प्रोग्राममधून बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो घेऊ नये. व्होल्टेज तसंच कोसळतं, फक्त आता रीसेटऐवजी एसडी कार्डावरची फाइल खराब होते.

कॅमेरा सापडत नसल्याची हेक्स १०५ ही त्रुटी आली तर बहुतेक वेळा रिबनचा दोष असतो. काळी पट्टी उघडून रिबन सरळ, पूर्ण आत घालून पुन्हा दाबावी. प्रोग्राममध्ये एआय-थिंकरचा पिन-नकाशा निवडलेला आहे ना, तेही पाहावं.

एसडी कार्ड चार बिटांच्या पद्धतीत उघडलं की फ्लॅश एलईडी लुकलुकतो, कारण जीपीआयओ ४ दोघांत वाटलेला आहे. एक बिटाची पद्धत वापरावी. वेग कमी होतो पण ४, १२ आणि १३ मोकळे होतात. पीआयआरला १३ द्यावा, १२ देऊ नये. सुरू होताना १२ उंच असला तर चिप फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं ठरवते आणि बोर्ड उठतच नाही. जीपीआयओ १६ मोकळा दिसतो, पण तो पीएसरॅमकडे गेलेला आहे.

पीआयआर अँटेनाजवळ असेल तर वाय-फायच्या प्रसारणानेच तो पुन्हा चालू होतो आणि नोड स्वतःलाच जागं करत राहतो. त्याला अँटेनापासून जमेल तितकं दूर न्यावं, आणि फोटो पाठवल्यावर काही सेकंद त्याच्याकडे दुर्लक्ष करावं.

अँटेनाबद्दल: बोर्डावर छापील अँटेना आणि बाहेरच्या अँटेनाचा लहान कनेक्टर, दोन्ही आहेत, पण निवड शून्य ओहमच्या एका बारीक रेझिस्टरने होते. तो न हलवता बाहेरची अँटेना लावली तर रेंज वाढत नाही. कॅमेऱ्याच्या २० मेगाहर्ट्झ घड्याळाचे पट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतात आणि रिबन अँटेनाच्या शेजारून जाते. कॅमेरा चालू होताच सिग्नल घसरत असेल तर घड्याळ १० मेगाहर्ट्झवर आणून पाहावं. फ्रेमची गती कमी होते, फोटोच्या कामाला त्याने काही बिघडत नाही.

बंद पेटीत सतत चालवला तर बोर्ड चांगलाच तापतो आणि चित्रात दाणे वाढतात. घटनेपुरता जागा होणारा नोड तापत नाही, म्हणून हा दोष फक्त व्हिडिओवाल्यांचा.

दुसरं काय घ्यावं

खरोखर सलग व्हिडिओ हवा असेल आणि वीज जोडणीची सोय असेल तर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू घ्यावा, त्यात एच.२६४ हार्डवेअरमध्ये आहे. बॅटरीवर तो या बोर्डाच्या जागी येऊ शकत नाही, कारण त्याला अशी गाढ झोपच नाही. फोटोचाच नोड हवा पण वेगळा अडॅप्टर आणि चार्जर नको, तर सीडचा झिआओ ईएसपी३२एस३ सेन्स पाहावा: यूएसबी-सी, सेल चार्ज करण्याची सोय आणि ८ मेगाबाइट पीएसरॅम बोर्डावरच. लांब अंतर आणि व्हिडिओ दोन्ही हवे असतील तर ८०२.११एएच, म्हणजे वाय-फाय हॅलोचे मॉड्यूल पाहावेत. सर्वांत हळू पायरीवरही १५० किलोबिट मिळतात.

यातलं काही नको, ईएसपी३२-कॅमच घ्यायचा असं ठरलं तर हातात आल्यावर चार गोष्टी लगेच तपासाव्यात. पीएसरॅम सापडते का ते प्रोग्रामने विचारावं. नकली बोर्डांत ती नसते किंवा चालत नाही आणि मग मोठे फोटो घेता येत नाहीत. एसव्हीजीएला शंभर फ्रेम सलग घेऊन प्रत्येकीची शेवटची खूण पाहावी. गाढ झोपेत मल्टिमीटर ५ व्होल्टच्या तारेत लावून प्रवाह मोजावा. ६ च्या बराच वर असेल तर एखादी पिन तरंगती आहे. आणि लेन्सचा फोकस नोड जिथे बसणार त्या अंतरावर करून घ्यावा: लेन्स गोंदाच्या ठिपक्याने चिकटवलेली असते, तो ठिपका ब्लेडने अलगद सोडवून पाव-पाव फेरा फिरवत जावं. फोकस चुकलेलं चित्र जेपीईजीत लहान होतं हे खरं, पण त्यात नंबरप्लेट वाचता येत नाही.